शंभर मिलिलीटर

उन्हाळ्यात माझ्या हातमोज्यांना
दुसऱ्यांच्या सुट्टीचा वास येतो.

रेज्जोचा विमानतळ, दोनच रांगा.
काचेपलीकडे धावपट्टी, तिला लागूनच समुद्र,
आणि हवा स्वच्छ असली तर पैलतीरावर
धुराची टोपी तिरकी घातलेला एत्ना.
इथे अठरा वर्षं मी बाटल्या काढून घेते.
शंभर मिलिलीटरच्या वर काही सोडायचं नाही.
नियम लहान आहे, बाटल्या मोठ्या.

संध्याकाळपर्यंत पिंप भरतं :
नारळाचं तेल, सोललेल्या खांद्यांचं,
अंजिराच्या पानांचं काहीतरी महागडं,
बेटांची नावं लावलेली अत्तरं
ज्यांना कुठल्याच बेटाचा वास नाही
(बेटाला डिझेलचा वास असतो, मासळीचा,
आणि उन्हात तापलेल्या दोरखंडांचा).
कुणी बघत नसलं की मी एखादं झाकण सैल करते.
मालक एव्हाना ढगांत,
त्याचा जुलै माझ्या हातात.

मी स्वतः विमानात कधी बसलेली नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी
सावेरियो नावाचा म्हातारा आला, श्टुटगार्टला निघालेला.
पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, कापडाचं बूच.
घरी केलेलं बर्गमॉटचं पाणी.
ना लिंबू ना संत्रं, आमच्या या किनाऱ्याचं हट्टी फळ :
तोंडात धरवत नाही, नाकाला सोडवत नाही.
‘नातीसाठी,’ तो म्हणाला, ‘तिनं झाड पाहिलेलं नाही.’
मी मान हलवली. मागे चाळीस माणसं खोळंबलेली.
‘पिण्याचं पाणी असतं तर इथेच पिऊन टाकलं असतं.’
हसला. मग दातांनी बूच उपसलं

आणि आधी स्वतःच्या डोक्यावर,
मग सदऱ्याच्या दोन्ही बाह्यांवर,
मग मागच्या बाईच्या मनगटावर,
तिच्या कडेवरच्या पोराच्या टाळूवर,
बूट काढून उभ्या राहिलेल्या एका विद्यार्थ्याच्या ओंजळीत.
हात पुढे होत गेले. कुणीच कुणाला विचारलं नाही.
माझा साहेब उठून उभा राहिला आणि उभाच राहिला.
शेवटी म्हातारा माझ्याकडे वळला.
मी उजवा हातमोजा काढला.

आणि आगगाडी सुरू झाली.
रात्रीची, तोरिनोची, मी नऊ वर्षांची,
समोर झोपलेल्या सैनिकाचा बूट माझ्या गुडघ्याला टेकलेला,
आई रुमालावर हेच पाणी शिंपडतेय,
थेंब मोजून, औषध द्यावं तसं.
‘हा वास म्हणजे घर. उशीखाली ठेव.’
मला मावशीकडे सोडून ती तिसऱ्या दिवशी परतली.
एक हिवाळा, म्हणाली होती.
दहा रात्री मी नाक खुपसून झोपले.
अकराव्या दिवशी मावशीनं, प्रेमानंच,
रुमाल धुतला,
इस्त्री केली,
चौकोनी घडी घालून उशीवर ठेवला.
साबणाचा वास. स्वच्छ, परका.
त्या दिवशी मी तोरिनोला पोचले.

‘बाटली नेऊ का?’ म्हातारा विचारत होता.
रिकामी बाटली नेता येते.
रिकामेपणाला नियमात मर्यादा नाही.
त्यानं बूच घट्ट बसवलं, जणू अजून काही सांडेल,
आणि काखेत धरून गेला.
त्याच्या मागून ती सगळी रांग,
अनोळखी माणसं, एका झाडाखालून उठून आल्यासारखी.

त्या दिवशी मी हात धुतले नाहीत.
शेवटच्या बसचा चालक फॉर्तुनातो,
सिगारेटींनी ज्याचं नाक केव्हाच मेलंय,
तोसुद्धा आरशातून म्हणाला,
‘काय रोझाल्बा, प्रवासाला निघालीस?’

‘नाही रे,’ मी म्हटलं, ‘आत्ताच उतरले.
सामान यायचंय अजून.’