आठ गुणिले पंचवीस

बातुमीच्या दुकानात त्सियालाने आधी वजन पाहिलं.
एका तळहातावर दुर्बीण,
दुसऱ्यावर पिशवीतलं एक डाळिंब.
डाळिंब जड निघालं.

साडेआठशे लारी, दुकानदार म्हणाला,
महाग नाही, स्वस्तही नाही,
घरातल्या मधल्या मुलीसारखी. कामाची, बिनतक्रार.
मधल्या मुलीही तक्रार करतात, ती म्हणाली,
ऐकणारं कुणी नसतं एवढंच.

दुकानात सगळंच स्वच्छ दिसतं,
म्हणून ओळखपत्र गल्ल्यावर ठेवून
ती बंदराकडे तोंड करून उभी राहिली.
क्रेनचं पिवळं. गंजाचा ओघळ.
जहाजाच्या कपाळावरचं तुर्की नाव,
एका अक्षराखाली शेपूट होतं, तेसुद्धा दिसलं.
पण फटफटीत आकाशावर क्रेनच्या कडेला
जांभळट किनार,
धुण्यात दुसऱ्या कपड्याचा रंग लागावा तशी.
त्या किनारीचे चाळीस लारी कमी करून घेतले.

दर सप्टेंबरात तिच्या दोन खोल्यांत
पाखरं मोजणारे उतरतात, हॉलंडचे, फिनलंडचे.
त्यांच्या गळ्यात एकेक गाय टांगलेली असते, म्हणजे गाईच्या किमतीची काच.
मक्याची भाकरी हातात तशीच राहते,
ते ओरडतात नावं,
आणि ती वर पाहते तर
तीळ.
आकाशभर सांडलेले तीळ.

आता तिच्या ओसरीवरून
पहिली मोहोळ घार आठपट जवळ आली
आणि तिच्या पंखात एक पीस कमी होतं.
तिने दुर्बीण खाली घेतली. पुन्हा तीळ.
वर. पीस कमी.
हे तिने किती वेळा केलं, याची नोंद नाही.
घेवड्याची आमटी मात्र करपली.

दुरून डोंगर साजरे म्हणतात.
जवळून समोरच्या डोंगराला
कचऱ्याची एक घळ आहे, आणि
एका वेड्या अंजिराखाली कुणाची तरी खुर्ची.

चष्मा घालून पाहिलं तर चित्राच्या कडा जातात.
रबरी वाट्या दाबल्या की परत येतात, सगळ्या नाही.
उजव्या डोळ्याची कडी
हाताला घट्ट लागते, ते बरंच,
तिचा उजवा डोळा रोज वेगळं सांगतो.

संध्याकाळी मात्र या काचेने हात टेकले.
अजून जर्दाळूच्या फांद्या तिला नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होत्या
आणि आत सगळं गढूळ.
मग तिने खुराड्याच्या दाराला टेकू दिलेली
ती जुनी फौजी दुर्बीण उचलली,
वीज नसलेल्या वर्षांत एका कॅप्टनने
पिंपभर दारूला दिलेली, किलोभर लोखंड.
तिचा डावा डोळा बुरशीने गेला आहे.
उजव्यात अजून उजेड होता.
कोंबड्या तेवढ्यात बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी, ऊन कलताना,
दरीपलीकडे बद्रीची झोपडी.
जाळं. काठीला बांधलेला खाटीक पक्षी, आमिष.
मुठीवर नवा पकडलेला बाज,
आणि बद्री त्याच्याशी बोलतो आहे.
चाळीस वर्षं शेजारी असून
हा माणूस इतकं बोलतो हे तिला ठाऊक नव्हतं.
ओठ दिसत होते. शब्द नाही.
काय ते तिला हवं होतं.
तेवढ्यात बाजाने मान वळवली,
सरळ तिच्याकडे.
मग बद्रीने.
मग त्याने हात वर केला.

सकाळी तो फाटकाशी उभा.
काल काय बघत होतीस?
तपासत होते. नवी आहे.
मग?
कडेला जांभळं दिसतं.
माझ्या?
सगळ्याच्याच.
तो हसला नाही. म्हणाला, उन्हात दोनदा चमकलीस,
पण मला नाही दिसलं,
ह्याने सांगितलं.
मुठीवरच्या पाखराचा पिवळा डोळा
तिच्यावरून सरकून
मागच्या कशावर तरी स्थिरावला.
तिने वळून पाहिलं.
तिथे काही नव्हतं, म्हणजे तिला काही दिसलं नाही.

पाहुण्यांच्या वहीत, शेवटच्या पानावर:
बिजागरी, आठ.
काच, सात.
संध्याकाळ, तीन.
चमकते.
ठेवून घेतली.