ग्लासातला धागा

अकरा वाजेपर्यंत सगळं ठीक होतं.
मग गिचोवीच्या टोमॅटोंनी माना टाकल्या,
सगळ्यांनी नव्हे, पाटाच्या तोंडाशी होती त्या नऊ रोपांनी.
पानं हिरवीगार. ना डाग, ना छिद्र,
जेवता जेवता डुलकी लागावी तशी.

म्वेआत ऊन असतंच, शेजारी म्हणाले, पाणी दे.
त्यानं पाणी दिलं. संध्याकाळी रोपं उठून बसली
आणि गिचोवी शीळ घालत घरी गेला.
तिसऱ्या संध्याकाळी उठली नाहीत.

न्यागुथी आली. शाळेच्या प्रयोगशाळेत
तिनं तीस वर्षं बाटल्या विसळल्या होत्या, वर्गातलं ऐकत.
बुंधा चाचपला: कुरतडलेला नाही, अळी नव्हे.
मुळं पाहिली: गाठी नाहीत.
मग चाकू मागितला
आणि चहाचा ग्लास, स्वच्छ, पाणी भरून.

बोटभर खोड कापून तिनं पाण्यात लोंबतं धरलं.
हलवू नका कुणी.

काही नाही.
काही नाही.
मग कापल्या टोकातून एक पांढरा धागा
सावकाश खाली उतरू लागला,
कुठल्याच सुईत न ओवलेला.

"दूध!" धाकटा म्हणाला.
कुणी हसलं नाही.

मर आहे ही. मातीतून येते,
पाण्याच्या वाटा आतून बुजवते.
तू ओतत होतास, आणि ती
ओल्या मातीत उभी राहून तहानेनं मरत होती.
मग विचारलं: कुदळ कुणाची?

मेव्हण्याची. पात्यावर त्याच्या वावरातला चिखल,
वाळलेला. गिचोवीनं तो
पहिल्या सरीच्या कडेला आपटून झाडला होता.
तो ग्लासाकडे बघत राहिला.

मातीसकट उपट. शेजारची धडधाकटही.
पाटात टाकलीस तर खालच्या सगळ्यांना धाडशील; जाळ.
इथं दोन-तीन वर्षं मका. मिरची, वांगी, बटाटा नको,
सगळे एकाच घरातले.
टोमॅटो हवाच तर लांबच्या तुकड्यात, उंच वाफ्यावर,
रानवांग्याच्या बुंध्यावर कलम करून.
ती मुळं असल्या पाहुण्याला दाराशीच थोपवतात,
बहुतेक.
"बहुतेक" ती दोनदा म्हणाली.

आता फाटकाशी निळी बादली असते, ब्लीचच्या वासाची.
रविवारी मेव्हणा आला, चर्चचेच बूट घालून.
हात पुढे केला.
गिचोवीनं आधी बादली दाखवली.
तळवे बुडवता बुडवता मेव्हणा म्हणाला,
कसली रे ही थेरं?
आमची तर यंदा उन्हानंच गेली, अर्धी.

गिचोवी ग्लास आणायला आत गेला.