नंतर आठवण करू?

स्विंडनमध्ये जानेवारीत साडेपाचलाच मिट्ट काळोख.
क्लिनिक रिकामं. मी, हीटर,
आणि पडद्यावर तीच चौकट, अकराव्यांदा:
आत्ता बसवू, की नंतर आठवण करू?

चव्वेचाळीस भोकं बुजवणार म्हणे.
मोजली कुणी? ज्यांनी ठेवली त्यांनीच.
तरी खरं असेल. नोव्हेंबरात
पलीकडच्या दातांच्या डॉक्टरची कपाटं
कुणी परक्याने आतून लावून घेतली
आणि किल्लीचा भाव सांगितला.

पण कोपऱ्यातलं कान तपासायचं मशीन
जुन्याच भाषेत बोलतं.
मागच्या अपडेटनंतर चार दिवस मुकं होतं.
बनवणारी कंपनी बुडाली,
फोन उचलायला कुणी उरलेलं नाही.

उद्या सव्वानऊला मिस्टर प्रॉबर्ट येतील.
कोट न काढताच बसतील.
बीप ऐकू आला की बटण दाबतील,
कधी नाही आला तरी दाबतील,
मला वाईट वाटू नये म्हणून.

दुखणं परवडलं पण औषध नको,
असं मॉरीनला म्हणाले, तर ती:
"दुखणं तुझं, की त्यांचं?"
त्यांचं. तीन हजार नावं, पत्ते,
कुणाला नातवाचा आवाज ऐकू येत नाही,
तेही लिहिलेलं.

बॅकअप घेते.
कुलूप लावून परत ओढून बघावं
तसा पुन्हा एकदा घेते.
हीटर बंद. दिवा बंद. दारापर्यंत जाते,
आणि कोट न काढताच
खुर्चीत येऊन बसते.

काहीही ऐकू आलेलं नसताना
बटण दाबते.