तास

मी तासावर पैसे घेतो.
माझ्या धंद्यात तास म्हणजे मीटरवरचा आकडा.
नीलव्वाच्या सासऱ्याच्या काळी तास म्हणजे
फाळामागं उघडत जाणारी ओली रेघ.
दोन्ही एकाच जिभेवर राहतात,
कधी भांडले नाहीत.

भांडण आमच्यात झालं. कार्तिकात,
मंद्रूपच्या खालच्या अंगाला, सीनेकडं उतरणाऱ्या काळ्या रानात.
सोयाबीन कापून नेलेलं, सड तसेच उभे,
पाला, शेंगांची फोलपटं तशीच पडलेली.
मी रोटर जोडून बांधावर. इंजिन चालू.
ती आली, हात करून म्हणाली,
इलाही, ते मागचं धूड सोडव.
यंदा नांगरायचं नाही.
नांगरायचं नाही म्हणजे?
म्हणजे नांगरायचं नाही.
तिच्या मराठीला कानडी हेल आहे,
त्यात नकारसुद्धा पाहुण्याला पाट दिल्यासारखा वाटतो.

बचत गटाचं लाल यंत्र तिनं आणून ठेवलेलं.
नऊ फण, प्रत्येकापुढं एक चकती.
म्हणाली, एकच फेरी मार.
सुरीनं पेरू चिरावा तेवढी चीर,
आत दाणा, वर काडी. बास.

मी मनात मांडलं:
नांगर, मोगडा, रोटर उभा, रोटर आडवा, मग पेरणी.
सहा एकरांत माझे अकरा तास
त्या चिरेत गेले.

हॉटेलात पाटणेंचा शिवलिंग म्हणाला,
बाईनं रान विंचरलंच नाही,
तसंच पारोसं पेरलं.
सगळे हसले. मीही.
डोळ्यांना भांग पाडलेल्या रानाची सवय.

पहिल्या साली गहू उत्तरेला विरळ उगवला.
काडीखाली उंदरांनी संसार थाटला.
कुंदा तर असा माजला
की तीन बायका आख्खा पौष खुरपत बसल्या.
मला बरं वाटलं.
खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या साली मी तिकडं गेलोच नाही,
पोराला पाठवलं.
तो येऊन म्हणाला, अब्बा, तिच्या रानात चाक रुतत नाही.
मी म्हणालो, जेव.

तिसऱ्या साली गहू गुडघ्याला लागलेला,
तेव्हा तिनं माझ्या हातात पहार दिली.
टोच.
टोचली. कोपरापर्यंत गेली,
कुणी आतून ओढून घेतल्यासारखी.
आता तुझ्यात टोच, म्हणाली.
माझं दोन एकर तिच्या बांधाला लागून.
वीतभर मऊ, पिठासारखं,
मी स्वतः दळलेलं.
आणि खाली ठण्ण.
हाताला झिणझिण्या आल्या.
पुन्हा दुसरीकडं. ठण्ण.

ती फरशी कुणी घातली होती
हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.
वर्षाला थोडी थोडी,
गावभर, पावती फाडून.

नीलव्वानं तिच्या रानातलं एक ढेकूळ उचललं,
भाकरी मोडावी तसं मोडलं.
आत सुतळीएवढं भोक,
गेल्या पिकाचं मूळ कुजून गेलेलं,
त्याची वाट तेवढी राहिलेली.
त्याच वाटेनं यंदाचं पांढरं मूळ
खाली निघालेलं, घाई नाही,
कडेला एक गांडूळ अंग चोरून.

मी किती वेळ बघत होतो, ठाऊक नाही.
मीटर बंद होता.
मग काहीतरी बोलायचं म्हणून बोललो,
ह्या तासाचा दर काय घेतला गं, ह्यानं?

ती हसली नाही.
ढेकूळ होतं तिथं, होतं तसं टेकवलं,
वर काडी ओढली, लुगड्याला हात पुसले
आणि म्हणाली,
त्या यंत्राच्या चकत्या गंजल्यात, ग्रीस घाल.
आणि पुढच्या कार्तिकात लवकर ये,
गेल्या खेपेला तुझ्यापायी
अर्धी घात गेली माझी.