बारा तारखेचा भाव

नॉगटकच्या नदीला पूर्वी रबराचा वास यायचा म्हणतात.
मी आलो तोवर कारखाना गेला होता,
वास फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरला होता.

मी दारूच्या ठोक व्यापाऱ्याकडे भावांच्या टेबलावर बसतो.
बारा तारखेच्या आत
प्रत्येक बाटलीचा, प्रत्येक खोक्याचा भाव
सरकारदरबारी नोंदवायचा.
नोंदवला की पुढचा अख्खा महिना तो हलत नाही.
आमच्या धंद्यात शब्द फिरतो, माणूस फिरतो,
ट्रकसुद्धा नको त्या गल्लीत फिरतो;
भाव तेवढा खिळा ठोकल्यासारखा.

मग चार दिवस आम्ही एकमेकांच्या याद्या वाचतो,
शेजारणीच्या दोरीवरचे कपडे मोजावेत तशा.
कुणी खाली उतरला असेल तर
त्याच्या पायरीपर्यंत उतरता येतं.
त्याच्याखाली नाही.

आणि एक खोकं घेणाऱ्याला जो भाव
तोच हजार खोकी घेणाऱ्याला.
देओलिंडा फरीन्या ही ओळ
चष्मा कपाळावर ढकलून, डोळे मिटून म्हणते.
"ऑरेल, बँकेनं मला भाव दिला नाही,
चर्चमधल्या बायकांनी दिला नाही,
हायवेपलीकडचं ते विमानतळाएवढं दुकान
माझ्याकडे बघतसुद्धा नाही.
पण या कागदावर
मी आणि ते एकाच रांगेत."

ऑक्टोबरात मी शहाणपणा केला.
तिच्याकडे एक दारू जाते,
द्राक्षाच्या चोथ्याची, दिसायला पाणी,
घशात विस्तव. तिच्या गावाकडची.
साऱ्या राज्यात तिच्याशिवाय कुणी मागवत नाही.
मी खोक्यामागे अकरा डॉलर उतरवले.
म्हटलं, भाव सगळ्यांना, फायदा हिला.
कायदाही खूश, मीही.

विमानतळाएवढ्या दुकानात
याद्या वाचायला पगारी माणूस आहे
हे मी विसरलो.
त्यानं गोदामातली सगळी खोकी उचलली.
सगळी. चव न घेता.

नोव्हेंबरभर देओलिंडाकडे
भाव होता, माल नव्हता.
फोनवर ती एवढंच म्हणाली,
"स्वस्त केलंस ना, बाळा."

तिकडे खोकी पडून राहिली.
नाव वाचता येईना तर घेणार कोण?
खरेदीच्या खाली विकायची सोय नाही,
परत करायची नाही,
दुसऱ्या दुकानाला द्यायची तर मुळीच नाही.
कायद्यानं त्यांनाही पकडलं होतं, मनगटाला धरून.

तेवढ्यात एव्हरेटची गोष्ट राहिली.
तो रोज सकाळी सातला नव्हे, आठला येतो
(आधी दार उघडायला परवानगी नाही)
आणि पन्नास मिलीची चिमुकली बाटली घेतो.
तिचाही किमान भाव ठरलेला.
डिसेंबरच्या यादीत मी त्यावर नऊ सेंट चढवले,
वरून आकडा आला होता, मी टाइप केला.
एव्हरेटनं काउंटरवर नाणी दोनदा मोजली.
देओलिंडाला ते नऊ सेंट सोडता आले नाहीत.
सोडले असते तर बरं झालं असतं का,
हे तिलाही माहीत नाही. मी विचारलं होतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी
तिनं लवकर कुलूप लावलं, कोट चढवला,
हायवे ओलांडून गेली,
आणि त्या दुकानात, गिऱ्हाइकासारखी रांगेत उभी राहून,
आपल्याच गावच्या सहा बाटल्या
पूर्ण किमतीला विकत घेतल्या.
गल्ल्यावरच्या पोरीनं तिचं ओळखपत्र मागितलं.
एकाहत्तराव्या वर्षी! हे सांगताना
ती इतकी हसली की खारवलेल्या मांदेलीसारखे दिसणारे
तिचे छोटे मासे तव्यावर करपले.

जेवायला आम्ही पाच जण. एव्हरेटही होता,
विंचरलेल्या केसांचा. त्याच्यापुढे तिनं पाणी ठेवलं.
बाटलीतलंही पाणीच दिसत होतं.
त्याला फरक कळत होता, आम्हालाही,
कुणी काही बोललं नाही.

रात्री मी तिला जानेवारीच्या चिठ्ठ्या कापून दिल्या.
ती कात्री मागत राहिली,
कात्री तिच्याच हातात होती.