शिडी

पहिल्या मसुद्यात तो नुसता हसायचा.
काळा झगा, घोगरा आवाज,
धरणाचं दार उघडताना उगाच एक गडगडाट.
सायमीने एका मंगळवारी ते हसू काढून टाकलं.
म्हणाली, हा हसेल कशाला? याची रात्रपाळी आहे.

औलूत त्या दिवसांत तीनलाच काळोख व्हायचा.
आम्ही सहाजण, मासळीच्या जुन्या गोदामात,
हीटरवर वाळत टाकलेले मोजे,
खिडकीखाली गोठून गप्प झालेली नदी,
आणि पडद्यावर तोर्स्टीची नदी, जी गोठत नव्हती.
डावं दार उघडलं तर एक वाडी जाते, दोनशे अकरा माणसं.
नाही उघडलं तर भिंत फुटते,
मग मोजायला कोणी उरत नाही.
त्याने डावं दार उघडलं होतं.
खेळ तिथून पुढे सुरू होतो.

पैसे घालणारा गृहस्थ हेलसिंकीहून आला, बूट न काढता बसला.
पोरांना कोणालातरी पाण्यात पाहायला हवं असतं, म्हणाला.
पाहू दे की, सायमी म्हणाली,
फक्त पाणी जरा स्थिर ठेवू.

मग तिने तोर्स्टीला एक वही दिली.
दोनशे अकरा नावं, त्याच्याच अक्षरात,
काहींच्या पुढे बारीक नोंद:
याला पोहता येत होतं.
हिची दोन मुलं शहरात होती, ती वाचली.
याची शिडी माझ्याकडे राहिली.

आवाज द्यायला एन्सिओ आले, वय अठ्ठ्याहत्तर,
आयुष्यभर रंगमंचावर राजे मारलेले.
पहिल्या वेळी त्यांनी काचा हादरवल्या.
तसं नको, सायमी म्हणाली,
पाळी बदलताना पुढच्या माणसाशी बोलतात, तसं.
त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.
"जरा धर हे चाक. पाणी पिऊन येतो."

लाह्या सोळा वर्षांची. खेळ तपासायला केमीहून यायची,
बसने, खिशात खारवलेल्या गोळ्या.
नऊ संध्याकाळी ती तलवार घेऊन त्याच्यापर्यंत चढत राहिली.
पोचली, तर तो लढेचना.
याला मारायचं बटण कुठलं? तिने मागे न वळता विचारलं.
कोणीच सांगितलं नाही.
चाकाला दोन्ही हात लागतात.
तलवार खाली ठेवावी लागली.
तोर्स्टी गेला पाणी प्यायला,
आणि चार मिनिटं आलाच नाही.

चार मिनिटं मी तिचा अंगठा पाहत होतो.
नख पांढरं पडलेलं.
पाणी रेघेला टेकत होतं, सुटत होतं, पुन्हा टेकत होतं,
आणि डाव्या हाताला, पडद्याच्या अगदी कडेला,
दुसऱ्या एका वाडीचे दिवे. ते आम्ही मुद्दाम लावले होते.
त्याबद्दल मला तेव्हा थोडी लाज वाटली.

तो आला. तोंड पुसलं. दमलीस?
तिने चाक सोडलं नाही.

गोळ्यांची पुडी टेबलावरच विसरून ती शेवटच्या बसला धावली.
दाराशी थांबून विचारलं,
ती शिडी कोणाची होती?
सायमीने वही उलटीसुलटी केली.
तिने लिहिलंच नव्हतं.