जवारी

आरगची यल्लूबाई गुरुवारी भाजी घेऊन येते.
तिनं पदराची गाठ सोडली, चिमूटभर बी माझ्या तळहातावर ठेवलं.
"जवारी हाय. पाकिटातलं न्हवं," म्हणाली,
आणि कोथिंबिरीचे दहा तेवढे मागून घेतले.

आमच्या घरात जवारी म्हणजे वेगळंच.
सतारीच्या घोडीचा हाडाचा माथा
कानशीनं असा उतरवायचा
की तार टेकते न टेकते,
आणि सूर नुसता वाजत नाही, झणझणतो.
मिरजेच्या या गल्लीत चाळीस वर्षं
दस्तगीर ते करत आला.

"मिरचीची कसली आलीय जवारी?"
एवढंच बोलला, तेही भिंतीकडे बघून.

चैत्रात सांगलीच्या घाणेकरबाई सतार परत घेऊन आल्या होत्या.
तक्रार केली नाही. खाटेवर ठेवली, चहा घेतला,
"जरा पुन्हा बघाल का" म्हणाल्या.
त्यानं तार छेडली, मान हलवली, ठीक आहे म्हणाला.
नियाजनं माझ्याकडे बघितलं.
वरचे सूर त्याला आता ऐकू येत नाहीत,
हे त्या दिवशी घरात सगळ्यांना कळलं
आणि कुणीच बोललं नाही.
सतार नियाजनं केली. कानस तेव्हापासून खोक्यात आहे.

मी बी रात्रभर कोमट ताकात ठेवलं.
कारखान्यातला तडा गेलेला भोपळा अर्धा कापला,
बुडाला खिळ्यानं भोकं पाडली,
माती, शेणखत, मूठभर राख.
लाकडाचा भुसा मागच्या वर्षी घातला होता, सगळं पिवळं पडलं.
बी नखाएवढं खोल, वर ओलं गोणपाट.
मग तोच हात डोळ्याला लागला
आणि मी गच्चीभर नाचले, ते शेजारच्या मुलींनी बघितलं.

चार दिवस. आठ दिवस. काही नाही.
मुंग्या गोणपाटाखालून जातात, येतात,
एकीच्या तोंडात माझं बी.

अकराव्या रात्री जाग आली तर खाट रिकामी.
वर गेले. दस्तगीर उकिडवा बसलेला,
भोपळ्याला बोटाच्या पेरानं टिचकी मारत होता,
डावा कान जवळ नेऊन.
असाच तो पूर्वी भोपळे निवडायचा,
शंभरातला एक घ्यायचा.
मी जिन्यातूनच परत फिरले.

सकाळी सात कोंब होते,
मान वाकवून, टोपी डोक्यात अडकलेली.
वीस बियांतले सात.
"पाणी जास्त घालतेस," तो म्हणाला.
म्हणजे बघून झालं होतं.

सहा पानांवर मी ती तेलाच्या डब्यांत हलवली.
दोन उन्हानं गेली.
एकाला चुरडा-मुरडा आला, पानं मुठीसारखी वळली.
उपटून टाक, यल्लूबाई म्हणाली, बाकीच्यांना लागंल.
उपटायला वर गेले तर हा आधीच तिथे,
पडद्यांचे दोरे ओढायचा बारीक चिमटा हातात,
एकेक वळलेलं पान खुडून रुमालात ठेवत.
मी आंबट ताक शिंपडत राहिले.
ते रोप तरीही गेलंच.

उरली चार. पांढरी फुलं, खाली बघणारी.
पहिली फुलं खुडायची असतात, झाड भरतं.
मी खुडली. एक त्यानं लपवलं होतं पानाआड.

त्या एकाची मिरची झाली.
करंगळीएवढी, वाकडी, देठाशी काळपट.
भाकरी, पिठलं, आणि ती ताटात एकटी.
त्यानं अर्धी तोडली, चावली,
आणि हात वर केला, बोलू नका म्हणून,
तार छेडल्यावर करायचा तसा.

डोळ्यांतून पाणी. कपाळावर घाम.
नियाज हसायला लागला, मग थांबला.
नळ गळत होता तेवढाच आवाज.

"खुली आहे," दस्तगीर म्हणाला.
आणि बऱ्याच वेळानं, पाणी न पिता,
"आस लांब आहे हिची."

उरलेली अर्धी मी ताटातून उचलली,
बी कागदावर पसरलं,
कागद खोक्यात ठेवला.
कानस तिथे नव्हती.